जॅक बसत नाही, कलंडतो
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

पावसाळा सुरू झाला की पंक्चर, स्टेपनी आणि जॅक यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली सहा निवडली आहेत. मोटारीबरोबर डिकीत मिळणारा, हाताने फिरवायचा, कात्रीसारखा उघडणारा स्क्रूचा जॅक हाच बहुतेक पत्रांचा विषय असल्यामुळे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक जॅकची चर्चा येथे केलेली नाही.

प्रश्न : कोकणात उतरताना घाटात आमच्या हॅचबॅकचे पुढचे डावे चाक पंक्चर झाले. हँडब्रेक ओढलेला होता, गाडी गिअरमध्ये होती, तरीही चाक उचलून नट काढत असताना गाडी हातभर पुढे सरकली आणि जॅक आडवा पडला. इजा कोणाला झाली नाही. सोबत जॅकचे छायाचित्र पाठवत आहे. तो सदोष होता असे मानावे काय? — एक वाचक, महाड

उत्तर : छायाचित्रात जॅकच्या स्क्रूचे आटे शाबूत दिसतात आणि चारही भुजा एकाच अंगाला पिळवटलेल्या आहेत. भार न पेलल्यामुळे जॅक खचला असता तर आटे झडलेले किंवा स्क्रू वाकलेला दिसला असता. भुजा बाजूला पिळवटल्या आहेत याचा अर्थ जॅकने भार नीट पेलला होता, पण गाडी त्याच्या डोक्यावरून आडवी ओढली गेली. हा जॅक सरळ वरून येणाऱ्या भारासाठी घडवलेला असतो. आडव्या रेट्यापुढे त्याची अवस्था उभ्या केलेल्या पत्त्यांसारखी होते. तेव्हा दोष जॅकचा नसून गाडी जागेवर न राहण्याचा आहे.

गाडी गिअरमध्ये असूनही का सरकली, हा आपल्या पत्रातला खरा प्रश्न आहे आणि अनेक वर्षे गाडी चालवणाऱ्यांनाही त्याचे उत्तर ठाऊक नसते. आपल्या हॅचबॅकमध्ये इंजिनची ताकद पुढच्या दोन चाकांना जाते आणि ती दोन्ही चाके डिफरन्शियलने जोडलेली असतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरावे म्हणून केलेली ही व्यवस्था आहे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवली की दोन्ही चाके मिळून एका दिशेला फिरू शकत नाहीत, परंतु एक चाक पुढे आणि दुसरे तितकेच मागे फिरायला डिफरन्शियल हरकत घेत नाही. दोन्ही चाके जमिनीवर असतील तोवर असे होत नाही, कारण दोघांनाही एकाच दिशेने जायचे असते. आपण डावे चाक हवेत उचलले त्या क्षणी त्याला अडवणारे काही उरले नाही. उजवे चाक उताराकडे फिरू लागले आणि डावे हवेत उलटे फिरले. थोडक्यात, ज्या चाकांना इंजिनची ताकद जाते त्यांपैकी एक उचलले की गिअरची पकड संपते. ऑटोमॅटिक गाडीतल्या ‘पार्क’लाही हेच लागू आहे.

मग उरला हँडब्रेक. तो सहसा मागच्या दोन चाकांवर चालतो, म्हणजे आपली संपूर्ण गाडी त्या एका केबलवर उभी होती आणि केबल ढिली असणार. दांडा आठ-दहा वेळा टकटक वाजेपर्यंत ओढूनही घट्ट लागत नसेल तर तो गॅरेजमध्ये आवळून घ्यावा. मागचे चाक उचलायची वेळ आली तर हँडब्रेकची पकड जमिनीवर राहिलेल्या एकाच मागच्या चाकापुरती उरते, हेही लक्षात असू द्यावे. काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. तेथे मागचे एक चाक उचलताच तोही निरुपयोगी ठरतो.

म्हणून चाकांना दगड लावण्याला पर्याय नाही. सपाट रस्त्यावर, उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून असे दोन दगड पुरतात. उतारावर मात्र जमिनीवर राहणाऱ्या सर्व चाकांना उताराच्या बाजूने दगड हवेत, आणि ते जॅकला हात लावण्यापूर्वी हवेत. दगड कोनदार निवडावा आणि टाच मारून चाकाखाली घट्ट बसवावा. ओढ्यातला गुळगुळीत गोटा चाकाबरोबर स्वतःच फिरतो. काम झाल्यावर तो दगड उचलून कडेला टाकणे हेही त्या कामातच मोडते. घाटात रात्री दुचाकीवरून उतरणाऱ्यांना रस्त्याच्या मधोमध असे दगड किती वेळा भेटतात, ते त्यांनाच विचारावे.

शक्य असेल तर घाटाच्या उतारावर चाक बदलूच नये. धोक्याचे दिवे लावून, माणूस चालतो त्या वेगाने, सपाट आणि रुंद जागा मिळेपर्यंत गाडी पुढे न्यावी. असे चालवल्याने टायर बहुधा वाया जाईल, कदाचित रिमलाही मार बसेल. तो खर्च सोसावा.

प्रश्न : जॅक नेमका कोठे लावावा? गेल्या वेळी मी चाकाजवळ सोयीच्या जागी लावला, तर दाराखालची पट्टी फुटली. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली फुटली ती प्लास्टिकची शोभेची पट्टी. जॅकची जागा तिच्या आतल्या अंगाला असते. दाराखाली हात घालून चाचपले तर दोन पत्रे एकत्र दाबून वेल्डिंग केलेली, खाली लोंबणारी एक उभी कड बोटाला लागेल. पुढच्या चाकाच्या थोडे मागे आणि मागच्या चाकाच्या थोडे पुढे या कडेवर काही बोटे अंतराने दोन लहान खाचा असतात. बऱ्याच गाड्यांत पट्टीवर बाणाची किंवा त्रिकोणाची खूणही केलेली असते. त्या दोन खाचांमधला पत्रा आतून दुहेरी मजबूत केलेला असतो आणि जॅक लावायचा तो तेथेच. पावसात खाचा चिखलाने भरून जातात, म्हणून आधी चिंधीने कड पुसून घ्यावी.

आता जॅकच्या डोक्याकडे पाहावे. त्यावर एक आडवी चीर दिसेल. गाडीची कड या चिरेत बरोबर उतरली पाहिजे. ती चिरेत न बसता काठावर टेकली असेल तर चाक उचलेपर्यंत सारे ठीक वाटते आणि नट काढताना पान्याचा पहिला हिसका बसला की कड निसटते. सायलेन्सरचा पाइप, इंजिनखालचे तेलाचे पात्र किंवा गाडीचा नुसता सपाट तळ यांना जॅक लावू नये. विजेवर चालणाऱ्या गाडीत तर तळाशी बॅटरी असते, म्हणून पुस्तिकेत दाखवलेल्या चार जागा सोडून पाचवी जागा शोधू नये.

प्रश्न : माझा जॅक फिरवायला फार जड जातो. त्याला ग्रीस लावले तर भाराखाली स्क्रू आपोआप उलटा फिरून गाडी खाली येईल, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे काय? — एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांची शंका रास्त आहे, पण हिशेब वेगळे सांगतो. स्क्रूचा आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली चढणच. समजा, दांड्याची जाडी १२ मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात तो २ मिलिमीटर पुढे सरकतो. आट्याच्या मध्यावर एका फेऱ्याची लांबी सुमारे ३५ मिलिमीटर भरते, म्हणजे ३५ मिलिमीटर वाटेला २ मिलिमीटर चढ, अर्थात शेकडा सहाच्या आसपास. ग्रीस लावलेल्या पोलादावर पोलाद आपोआप घसरायला साधारणपणे शेकडा दहा किंवा त्याहून अधिक उतार लागतो. त्यामुळे दांडा सोडून दिला तरी जॅक जेथल्या तेथे थांबतो. स्क्रूच्या जॅकचा हाच मोठा गुण आहे. हायड्रॉलिक जॅकमधले तेल झिरपले तर तो हळूहळू बसू शकतो, स्क्रूचा सहसा बसत नाही.

तेव्हा आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांना ग्रीस अवश्य लावावे. सुके, गंजलेले आटे एकमेकांना खातात आणि मग जॅक ऐन वेळी अडकतो. मात्र जॅकचे डोके, गाडीची कड आणि जॅकची बैठक यांना ग्रीसचे बोटही लागू देऊ नये. तेथे घसरण नको आहे.

जड जाण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते ग्रीसने जात नाही. जॅक मिटलेला असताना त्याच्या भुजा जवळजवळ आडव्या असतात, आणि आडव्या भुजांनी भार वर रेटायचा तर स्क्रूला भाराच्या कितीतरी पट ओढ द्यावी लागते. भुजा जसजशा उभ्या होतात तसतसे काम हलके होते. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांना जोर लागला तर घाबरून जाऊ नये, आणि त्या जोरात दांड्याला पाइप जोडून तो लांबही करू नये. एवढे करूनही फिरत नसेल तर भार जॅकच्या मर्यादेबाहेर आहे का, ते पाहावे. मर्यादा जॅकवर पत्र्याच्या पट्टीत किंवा कागदी लेबलवर छापलेली असते. डिकीतले सामान आणि गाडीतली माणसे आधी उतरवली पाहिजेत. माणसांना बसवून ठेवून गाडी उचलण्यात काय फुशारकी असते, ते आम्हांला आजवर कळलेले नाही.

प्रश्न : गाडीखाली तेलाचे डाग पडतात. जॅकवर एक बाजू उचलून, पाच मिनिटे खाली सरकून गळती पाहिली तर चालेल ना? चाक काढणार नाही, त्यामुळे जॅक सुटला तरी गाडी चाकावरच येईल. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालणार नाही. गाडी चाकावर येईल हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण चाकावर आल्यानंतर खाली किती जागा उरते, हे मोजून पाहावे. घरगुती हॅचबॅकचा तळ जमिनीपासून साधारण १६ ते १७ सेंटिमीटर उंच असतो. प्रौढ माणूस उताणा निजला तर त्याच्या छातीची जाडी २० सेंटिमीटरच्या पुढे जाते. चाक काढलेले असेल तर तेवढीही जागा उरत नाही.

मागच्या उत्तरात जॅक आपोआप बसत नाही असे लिहिले आहे, त्यावरून धीर येऊ नये. बसण्याची भीती नाहीच. भीती कलंडण्याची आहे. खाली निजलेला माणूस पाना ओढतो तेव्हा गाडीला आडवा धक्का देत असतो, आणि तो धक्का त्या लहानशा बैठकीवर उभ्या असलेल्या जॅकलाच पोहोचतो. गाडी एका बाजूने उचलली जाते तेव्हा ती पलीकडच्या चाकांभोवती किंचित वळते आणि जॅक लावलेली जागा सरळ वर न जाता कमानीत आत सरकते. त्यामुळे जॅक उंच झाला की थोडासा तिरपा होतोच. म्हणून चार-पाच फेऱ्यांनंतर थांबून, दोन पावले मागे जाऊन, बाजूने पाहावे. जॅक डोळ्यांना तिरका दिसत असेल तर गाडी खाली घेऊन तो नव्याने लावावा. पायाने ठोकून सरळ करू नये.

खाली जाऊन काम करायचेच असेल तर सपाट फरशीवर, चाके अडवून, चार पायांच्या घोडीसारखे लोखंडी स्टँड गाडीखाली ठेवावेत, त्यांवर गाडी टेकवावी आणि हाताने हलवून ती हलत नाही याची खात्री करावी. विटा रचून केलेला आधार चालत नाही. वीट आधी तडकत नाही, एकदम फुटते. गळती नुसती पाहायची असेल तर रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी डाग कोठे पडला आणि तेलाचा रंग कसा आहे, एवढ्यावरून मेकॅनिक निम्मे निदान करतो.

प्रश्न : मी एकटीच पुणे ते सोलापूर प्रवास करते. टायरच्या दुकानात यंत्राने आवळलेले नट माझ्याने हलतही नाहीत. शिवाय टायर पूर्ण बसल्यावर जॅक गाडीखाली जात नाही. यावर उपाय आहे काय? — एक वाचिका, पुणे

उत्तर : दोन्ही अडचणींवर उपाय आहेत. नट हलत नाहीत यात ताकदीचा दोष कमी आणि आवळणाऱ्याचा जास्त आहे. बहुतेक लहान मोटारींच्या चाकाचे नट ८५ ते ११० न्यूटन मीटर एवढ्या जोराने आवळायचे असतात. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत मिळेल. २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला ४० किलोच्या आसपास भार दिला की एवढा जोर भरतो. दुकानातले हवेचे यंत्र निष्काळजीपणे चालवले तर याच्या कितीतरी पुढे जाते. पुढच्या वेळी शेवटचे आवळणे हातपान्यानेच करायला सांगावे आणि ते होईपर्यंत तेथे उभे राहावे.

सोडवताना क्रम महत्त्वाचा आहे. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा ते एक फेरा सैल करून घ्यावा आणि मगच जॅक फिरवावा. चाक हवेत असताना घट्ट नटाशी झटापट करणे म्हणजे गाडीला जॅकवरून ढकलणेच होय. पाना नटावर पूर्ण आत बसवून, त्याचा दांडा डावीकडे आडवा येईल असा धरावा आणि हाताने ओढण्याऐवजी तळव्यांनी खाली दाबत शरीराचा भार त्यावर टाकावा. तेवढ्याने भागले नाही तर गाडीला धरून एका पायाने दाबावे, उडी मारू नये. हा पाय फक्त सोडवताना वापरायचा आहे. आवळताना पायाने दाबले तर पुढच्या पंक्चरला पुन्हा हेच पत्र लिहावे लागेल. डिकीत टेलिस्कोपसारखा लांब होणारा पाना ठेवल्यास पुष्कळ सोपे जाते.

जॅक खाली जात नसेल तर दोन-तीन सेंटिमीटर जाडीची फळी बसलेल्या चाकापुढे ठेवून गाडी सावकाश तिच्यावर चढवावी. तेवढ्या उंचीने जॅकला वाट मिळते. अशा दोन फळ्या डिकीत असाव्यात, कारण दुसरी जॅकखाली लागते. महामार्गाच्या साइडपट्टीवर मुरूम असतो आणि त्याखाली, विशेषतः सोलापूरच्या वाटेवर, काळी माती. जॅकची बैठक ८ बाय १५ सेंटिमीटरची धरली आणि तिच्यावर ३०० किलो भार आला तर दर चौरस सेंटिमीटरवर अडीच किलो दाब पडतो. ओली काळी माती एवढा दाब पेलत नाही आणि बैठक एका कडेने रुतू लागते. तीच बैठक ३० सेंटिमीटर चौरस जाड फळीवर ठेवली की दाब पाव ते अर्ध्या किलोच्या दरम्यान येतो.

चाक काढण्याआधी स्टेपनी बाहेर काढून जॅकशेजारी, दाराखालच्या कडेच्या खाली आडवी सरकवून ठेवावी. जॅक निसटलाच तर गाडी स्टेपनीवर टेकेल. पंक्चर चाक निघाले की ते तेथे ठेवून स्टेपनी काढून घ्यावी. नवे चाक बसवल्यावर नट हाताने टेकेपर्यंत फिरवावेत, गाडी खाली घ्यावी आणि मग शेजारचा नट न घेता समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा.

आणखी एक गोष्ट ताकदीची नसून जागेची आहे. पंक्चर रहदारीच्या बाजूच्या चाकाचे असेल आणि साइडपट्टी अरुंद असेल तर चाक बदलायला बसूच नये. गाडी जमेल तेवढी बाहेर घ्यावी, त्रिकोणी परावर्तक गाडीमागे निदान ५० मीटरवर ठेवावा, कठड्यापलीकडे उभे राहावे आणि मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कोठेही ११२ हा क्रमांक चालतो.

प्रश्न : उसाच्या हंगामात भरलेली ट्रॉली वाटेत पंक्चर होते. मोटारीचे दोन जॅक एकदम लावून ती उचलावी काय? — एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : मुळीच नाही. दोन जॅक कधीच सारखे उचलत नाहीत. एक अर्धा फेरा पुढे गेला की बराचसा भार त्याच्यावर येतो आणि तो पिळवटला की दुसराही जातो. मोटारीचा जॅक एक-दीड टनासाठी असतो आणि भरलेल्या ट्रॉलीत ऊसच कित्येक टन असतो. येथे उभ्या स्क्रूचा, जाड बुडाचा, भरलेल्या वजनाला पुरेल असा जॅकच हवा. रिकाम्या ट्रॉलीला तो एकदा पुरला, ही त्याची परीक्षा नव्हे.

जॅक साट्याखाली न लावता एक्सलखाली, चाकाच्या जितक्या जवळ लावता येईल तितक्या जवळ लावावा, आणि त्याखाली रुंद जाड ओंडके आडवे-उभे रचावेत. एक्सल गोल असेल तर जॅकच्या डोक्यावर खोबणीचा तुकडा बसवून घ्यावा, नुसते सपाट डोके त्यावर टिकत नाही. पिन काढून ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नये. ट्रॅक्टरचा ब्रेक लावून, तो गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे आणि किल्ली काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशात टाकावी. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो, म्हणून तिच्या बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत. उसावर बसलेली माणसे खाली उतरवावीत. चाक उचलल्याबरोबर एक्सलखाली ओंडक्यांची चौकट रचून भार तिच्यावर द्यावा आणि जॅक नुसता टेकलेला ठेवावा.

अशा वेळी मागून येणाऱ्यांसाठी रस्त्यावर झाडाची फांदी टाकण्याची पद्धत आहे. दिवसा ती दिसते. रात्री दिव्यांच्या उजेडात हिरवी फांदी काळ्या डांबरावर जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि लांबलेल्या उसाच्या मोळ्यांमुळे ट्रॉलीच्या मागचे लाल परावर्तकही झाकलेले असतात. मोळ्यांच्या टोकांवर लाल परावर्तक पट्टीचे कापड बांधावे आणि शक्य झाल्यास बॅटरी घेतलेला एक माणूस शंभर पावले मागे, रस्त्याच्या कडेला उभा करावा.